सकाळची बाटली, दुपारची बाटली

१२ जानेवारी

भिंगरीची अकादमीत निवड झाली. अजून पक्की नाही, पण कोच म्हणाले, "झाल्यातच जमा धरा." आठशे मीटरमध्ये ती दुसरी आली. आता फक्त वैद्यकीय तपासणी राहिली आहे. ती झाली की मार्चमध्ये तिकडेच राहायला जायचं. शाळा, जेवण, झोप, पळणं, सगळं तिकडे.

घराच्या पुढच्या खोलीतच माझं पार्लर आहे, तिथे मी चार जणींना सांगितलं. त्या चौघींनी आणखी किती जणींना सांगितलं असेल देव जाणे. मास्तरीणबाई केस रंगवायला आल्या होत्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी आम्ही त्यांना मास्तरीणबाईच म्हणतो. म्हणाल्या, "लेकीचं यश आईला मानवलंय. गाल बघ कसे वर आलेत!" मी आरशात पाहिलं. खरंच की. इतकी वर्षं काडीसारखी होते, आता चेहऱ्यावर जरा बाळसं दिसतंय.

नवऱ्याने येताना मिठाई आणली. लिफ्ट दुरुस्त करून आलेले काळे हात न धुताच खोका उघडायला निघाला होता, ओरडले. भिंगरीने गोड खाल्लं नाही. म्हणे कोच रागावतील. सतरा वर्षांची मुलगी आणि जिभेवर एवढा ताबा. माझ्यावर तर नक्कीच गेलेली नाही.

१७ जानेवारी

तपासणीचा कागद आला. उंची, वजन, हृदय, डोळे, सगळं उत्तम. आणि खाली एक ओळ: लघवीत प्रोटीन, तीन प्लस.

मला वाटलं, प्रोटीन असणं चांगलंच. सगळे तर म्हणतात प्रोटीन खा, प्रोटीन खा. नवरापण म्हणाला, "तीन प्लस म्हणजे चांगले मार्क ना?" भिंगरी खोखो हसली. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "प्रोटीन रक्तात राहायला हवं. लघवीत सापडलं म्हणजे मूत्रपिंडातून गळतंय. पण चाचणीत पळून आल्यावर लगेच नमुना दिला असेल, तर तेवढ्यापुरतंही येतं. दोन दिवस पळू नको म्हणावं आणि परत तपासा."

मूत्रपिंड हा शब्द ऐकल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये.

२१ जानेवारी

दोन दिवस ती पळली नाही. शाळेत गेली, मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली, संध्याकाळी दवाखान्यात जाऊन नमुना दिला. तरी दोन प्लस. ताप नाही, सर्दी नाही, पळणं नाही. मग कुठून आलं?

नवरा म्हणतो मशीन बिघडलं असेल. त्याला सगळीकडे मशीनच दिसतं. म्हणाला, "लिफ्टचा सेन्सर बिघडला की दार उघडं नसतानाही उघडं दाखवतो." मी म्हटलं, "माझी मुलगी लिफ्ट नाहीये." उगाच बोलले. तोही घाबरलाय, पण त्याची भीती अशीच बाहेर पडते.

मी दुपारभर फोनवर वाचत बसले. वाचायला नको होतं.

२५ जानेवारी

मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंना भेटून आलो. साठीच्या असतील. बारीक कापलेले पांढरे केस, चांगल्या हाताने कापलेले आहेत. बोलणं शांत. पण मला त्यांच्या शांतपणाचीच भीती वाटली.

त्यांनी टेबलावरच्या कोऱ्या कागदावर चाळणी काढली. म्हणाल्या, "लघवीत प्रोटीन जातंय एवढं कळणं म्हणजे घरात पाणी साचलंय एवढंच कळणं. कुठून येतंय ते बघायला हवं." मग त्यांनी प्रकार सांगितले. ते मी जमेल तसे लिहून ठेवते, कारण भिंगरी कुठल्या प्रकारात बसते तेच आता आमच्या घरात बघायचंय.

पहिला, पाहुण्यासारखा. ताप आला, खूप पळलं, फार थंडी लागली की येतो आणि जातो. दुसरा, उभं राहण्याचा. माणूस उभं असलं, चालतंफिरतं असलं की प्रोटीन येतं आणि आडवं झालं की थांबतं. वाढीच्या वयातल्या मुलांत दिसतो, त्याने काही बिघडत नाही. तिसरा, मुक्कामाला आलेला. कधीही तपासा, आहेच. त्याच्यात पुन्हा तीन तऱ्हा. चाळणीलाच मोठी भोकं पडलेली. सगळ्यात जास्त प्रोटीन याच्यात जातं. किंवा चाळणी ठीक, पण गाळून खाली आलेलं बारीकसारीक परत उचलणारी नळी थकलेली. किंवा दोन्ही ठीक, पण रक्तातच कुठलंतरी एक प्रोटीन इतकं वाढलेलं की दूध उतू जावं तसं उतू जातंय.

भिंगरी म्हणाली, "माझा कुठला?"

"ते दोन बाटल्या सांगतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झोपताना लघवी करून आडवं व्हायचं. सकाळी उठल्या उठल्या, घरभर न फिरता, पहिली बाटली भरायची. मग नेहमीसारखा दिवस घालवून दुपारी दुसरी. दोन्हीत प्रोटीन किती आणि त्याच्या जोडीला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रोज बाहेर टाकतं तो कचरा, किती, त्याचं प्रमाण काढतात. सोबत रक्त आणि सोनोग्राफी. "परीक्षा संपू दे तिची, मग निवांत द्या. घाई नाही."

घाई नाही म्हणे! त्यांच्या मुलीचं असतं तर?

उभं राहण्याचा प्रकार मला मुळीच पटला नाही. उभं राहिल्याने कोणाला काही होत असतं तर मी पार्लरमध्ये दिवसभर उभीच असते की.

३० जानेवारी

भिंगरीचं मीठ कमी केलं. अंडी बंद केली. पळणं बंद केलं. ती म्हणाली, "डॉक्टरांनी यातलं काहीच सांगितलं नाहीये." मी म्हटलं, "डॉक्टरांनी तुला जन्म दिला नाहीये."

ती बाथरूममधून आली की मी आत जाऊन बघते. फेस दिसतो का ते. वाचलंय की फेस येतो. तिच्यानंतर काही दिसत नाही, पण तशी संडासात फेसाची पंचाईतच आहे. धुवायचं नवं लिक्विड आणलंय ते फार फेस करतं. माझ्या वेळी तर दोनदा पाणी सोडावं लागतं. आधीच्या कंपनीचंच आणायला हवं.

पाय आज फार भरून आले. तीन जणींचे केस सरळ करायचे होते, सकाळपासून उभी. चपलेचे पट्टे रुतलेत, त्यांचे वळ उठलेत. खांदा तर ड्रायर धरून धरून गेलाच आहे. दुखण्याची गोळी घेतली तेव्हा कुठे शेवटचं गिऱ्हाईक उरकलं.

३ फेब्रुवारी

मी ठरवलंय. वेळ आली तर माझं एक मूत्रपिंड भिंगरीला. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, अजून बाटल्यासुद्धा भरल्या नाहीत!" मी म्हटलं, "माझा रक्तगट तिचाच आहे. मला कधी साधं डोकं दुखत नाही. घरात सगळ्यात धडधाकट मीच आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "हल्ली तू जिन्यात थांबतेस मध्येच."

चार पिशव्या हातात असल्या की कोणीही थांबेल.

७ फेब्रुवारी

आज कोचना फोन केला. भिंगरी शाळेत होती तेव्हा. सांगितलं, नाव काढून टाका. तब्येतीचं कारण आहे, यंदा नको. ते म्हणाले, "तिला विचारलंत का?" मी म्हटलं, "मी आई आहे तिची." ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

नवऱ्याला सांगितलेलं नाही. योग्य तेच केलं असं वाटतंय. फोन ठेवल्यावर मात्र गिऱ्हाइकाच्या कपाळावरच्या केसांची रेघ सरळ येईना.

१० फेब्रुवारी

भिंगरीला कळलं. कोच तिला रस्त्यात भेटले.

घरी आली, दप्तर ठेवलं, माझ्यासमोर उभी राहिली. गिऱ्हाईक खुर्चीत होतं, अर्धे केस कापलेले. म्हणाली, "मला विचारायचं तरी."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना."

"माझ्यासाठी नाही. तुला भीती वाटते म्हणून."

"वाटते! मग?"

"मग तू घाबर. मला कशाला घाबरवतेस? मी आजारी नाहीये, आई. मला काहीही होत नाहीये. तू रोज बाथरूममध्ये जाऊन बघतेस ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? मला माझ्याच घरात लघवीला जायची लाज वाटते."

खुर्चीतली बाई आरशात खाली बघत बसली. मी तिचे उरलेले केस कसे कापले मलाच माहीत. डावीकडून जरा आखूडच झाले. तरी तिने पूर्ण पैसे दिले, बिचारीने.

१४ फेब्रुवारी

भिंगरी बोलत नाही. जेवते, अभ्यास करते, निरोप बाबांच्या हाती देते. "बाबा, आईला सांगा उद्या मला डबा नको." मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते.

नवराही रागावलाय. आवाज चढवला नाही, पण म्हणाला, "निदान मला विचारायचंस." बाप-लेकीला दोघांनाही एकच वाक्य सुचतं.

१८ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानातून तपासायच्या पट्ट्या आणल्या. लघवीत बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची. पिवळी राहिली तर काही नाही. जितकी हिरवी तितकं प्रोटीन जास्त. परीक्षा संपेपर्यंत थांबणं मला शक्यच नव्हतं.

सकाळी दाराबाहेरून भिंगरीला विनवलं. एकदाच, फक्त एकदाच. दार उघडून तिने कप माझ्या हातात ठेवला आणि तोंड फिरवून गेली. पट्टी बुडवली. पिवळी. स्वच्छ पिवळी! मी तिथेच फरशीवर बसले, डोळे भरून आले.

मग मनात आलं, पट्टी चालते की नाही हे तरी कसं कळणार? ताडून बघायला एखाद्या निरोगी माणसाची हवी. दुपारी पार्लर रिकामं होतं तेव्हा माझी तपासली. बुडवली तर हिरवी. साधी हिरवी नाही, शेवटच्या चौकोनाइतकी गडद. दुसरी पट्टी घेतली, तीही तशीच.

म्हणजे पट्ट्याच खराब! सकाळची पिवळीही खोटीच. दुकानदाराला फोन करून चांगलं सुनावलं. तो म्हणतो तारीख उलटलेली नाही. मी म्हटलं, तुमच्या पट्टीच्या म्हणण्याप्रमाणे मी अंथरुणाला खिळलेली असायला हवी, आणि मी तर सकाळपासून पाच जणींचे केस धुतलेत. डबीच कचऱ्यात टाकली.

किती आनंद झाला होता. पाच मिनिटांचा का होईना.

२७ फेब्रुवारी

परीक्षा संपली. दोन्ही बाटल्या दिल्या. सकाळची तिने स्वतः भरली, स्वतः चिठ्ठी लावली, स्वतःच नेऊन दिली. दुपारचीही. मला जवळ येऊ दिलं नाही. रक्तही दिलं, सोनोग्राफी झाली.

मी डोळे मिटले की चाळणी दिसते.

४ मार्च

काय लिहू आणि कुठून सुरुवात करू.

डॉक्टरीणबाईंकडे तिघं गेलो. त्यांनी अहवाल टेबलावर पसरले आणि भिंगरीशीच बोलल्या, माझ्याशी नाही. "सकाळच्या बाटलीत काही नाही. दुपारच्या बाटलीत आहे. रक्त छान, सोनोग्राफी छान. तू उभी राहिलीस की येतं, झोपलीस की थांबतं. दुसरा प्रकार. तुझ्या वयात, अशा उंच शिडशिडीत अंगात दिसतो. हा आजार नाही. वर्षातून एकदा तपासू. जा, पळ."

भिंगरीने एक किंकाळी मारली. बाहेरचे लोक वळून बघायला लागले. कोचना फोन करायला ती बाहेर धावली. मी रडायला लागले. रडता रडता म्हटलं, "डॉक्टर, पट्टीनेही तेच सांगितलं होतं हो! सकाळची पिवळीच आली होती. मीच मूर्ख, खराब म्हणून फेकून दिली."

"खराब का वाटली?"

"माझी तपासली ना. माझी तर गडद हिरवी. आता सांगा."

त्या हसत होत्या. हसू तसंच राहिलं, पण हातातलं पेन थांबलं. "एकदाच तपासलीत?"

"दोन पट्ट्या घेतल्या. दोन्ही तशाच."

"चप्पल काढा बघू जरा."

त्या उठून माझ्यासमोर खाली बसल्या, एवढ्या मोठ्या डॉक्टर. नडगीवर अंगठा दाबून धरला. सोडला तर तिथे खळगा. कणकेत बोट दाबल्यासारखा. भरूनच येईना. नवरा वाकून बघत होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतोय.

"सूज कधीपासून आहे?"

"ही सूज नाही हो, उभं राहून राहून. काम तसलंच आहे."

"सकाळी चेहरा जड वाटतो? लघवीला फेस येतो?"

मी लिक्विडचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"दुखण्याच्या गोळ्या घेता?"

"खांद्यासाठी. रोज एक. गर्दी असली की दोन."

"आजपासून बंद," त्या म्हणाल्या. मग तपासण्या लिहायला लागल्या. त्या यादीवर माझं नाव होतं. मी तीनदा वाचलं.

भिंगरी धावत आत आली. कोच म्हणाले, तुझं नाव मी काढलंच नव्हतं, आयांचे असे फोन मला येत असतात. तिने मला मिठी मारली. इतक्या दिवसांनी. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आम्ही दोघांनी काही सांगितलं नाही.

९ मार्च

माझे अहवाल आले. प्रोटीन भरपूर जातंय. भिंगरीचं होतं त्याच्या कितीतरी पट. रक्तातलं कमी झालंय, चरबी वाढलीय. माझ्या गालांवर आलेलं ते बाळसं पाण्याचं होतं. क्रिएटिनिन अजून ठीक आहे, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुठला प्रकार?" मी विचारलं. आता मलाच विचारायची पाळी.

"मुक्कामाचा. आणि इतकं जातंय म्हणजे चाळणीचाच. पण चाळणी का बिघडली ते वरून कळत नाही. सुईने इवलासा तुकडा काढून बघावा लागेल."

तारीख मिळाली ती नेमकी भिंगरीच्या जायच्या दिवसाची. मी म्हटलं, पुढे ढकला. त्या म्हणाल्या, "किती?" मी म्हटलं, "मुलीचा जम बसेपर्यंत." त्यांनी चष्मा काढला. "जानेवारीत तुमच्या मुलीला मी घाई नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे कसं बघत होतात आठवतं? आज मीच तुमच्याकडे तसं बघतेय."

चोवीस तासांची लघवी साठवायला एक मोठा कॅन दिलाय. भिंगरी कोचकडे जाईल त्या दिवशी साठवीन, तिच्या नजरेस पडायला नको. नवरा म्हणाला, "लपवायचं कशाला?" मी म्हटलं, कळलं तर ती जाणारच नाही.

१२ मार्च

लपवायला मी अगदीच नालायक आहे. बादलीमागे कॅन ठेवला होता. भिंगरी लवकर परतली, हात धुवायला गेली आणि कॅन हातात घेऊनच बाहेर आली.

"हा कोणाचा?"

"शेजारच्या काकूंचा."

"शेजारच्या काकू आपल्या बाथरूममध्ये येतात?"

मला हसू आलं. तिला नाही आलं. ती माझ्या पायांकडे बघत होती. घरात पायमोजे घालून फिरते मी हल्ली, खळगे दिसू नयेत म्हणून. तिने वाकून मोजा खाली केला. इलॅस्टिकचा वळ बोटभर खोल होता.

"किती दिवस झाले?"

"डॉक्टरांना कळून आठवडाभर."

"आणि तुला कळून?"

खरंच कळलं नव्हतं मला. हे तिला कसं पटवायचं? तिच्या एकेका थेंबावर डोळा ठेवणाऱ्या बाईला स्वतःचे पाय दिसले नाहीत.

ती खुर्चीत बसली, गिऱ्हाइकाच्याच. आरशात मला दिसत होती. "मी जात नाही," म्हणाली.

मी म्हटलं, "जाशील." ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "तू इथे राहून काय करणार? माझ्यानंतर बाथरूममध्ये जाऊन बघणार?" ती चिडली, रडली. मीही रडले. नवरा कामावरून आला तर दोघी रडतोय आणि मधे कॅन. त्याने कॅन उचलून जागेवर ठेवला आणि म्हणाला, "मुलगी बसने जाईल. तू दवाखान्यात जाशील. मी तुझ्याबरोबर असेन. कोच तिला नेतील. आणखी काही विचारायचंय कोणाला?" एवढं लांब तो लग्नातही बोलला नव्हता.

मग भिंगरी म्हणाली, "जाते. पण रोज खरं सांगायचं. जे असेल ते. लपवलंस तर मी त्या दिवशीची बस धरून परत येईन."

"आणि तूही," मी म्हटलं. "पाय मुरगळला, कोणी बोललं, जेवण गेलं नाही, सगळं."

"ठीक."

२० मार्च

काल सकाळी भिंगरी गेली. बस सुटायच्या आधी आम्हाला निघावं लागलं. रिक्षातून मागे वळून पाहिलं तर ती कोचशी बोलत होती, बॅग पाठीवर, आमच्याकडे लक्ष नव्हतं. बरं वाटलं. मग वाईट वाटलं.

तुकडा काढताना पालथं झोपवलं. पाठ बधिर केली, श्वास धरायला सांगितला, खट्टकन आवाज आला. दुखलं त्यापेक्षा आवाजानेच जास्त दचकले. नंतर बराच वेळ उताणं पडून राहायचं, हलायचं नाही. वर्षानुवर्षं दिवसभर उभी असणारी मी छताकडे बघत पडून. छतावरच्या पंख्याला कोणीतरी एकच पातं वेगळ्या रंगाचं लावलंय. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "तोल गेलाय त्याचा. मी नीट करून देऊ का विचारू?" बस म्हटलं गप.

तो बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. धूळ गेली म्हणाला.

२ एप्रिल

चाळणीची भिंत जाड झालीय. तुकड्यात तसं दिसलं. गोळ्यांमुळे असेल किंवा नसेलही. डॉक्टरीणबाई खात्रीने सांगत नाहीत. म्हणाल्या, "यातली काही माणसं आपोआप बरी होतात. काही आहेत तशीच राहतात. काहींचं बिघडत जातं."

"मी कुठल्यातली?"

"ते आज नाही सांगता येत."

एवढ्या तपासण्या, सुया, सूक्ष्मदर्शक, आणि शेवटी हेच. मी म्हटलं, "तुमच्याकडे तर सगळ्याचे प्रकार असतात." त्या म्हणाल्या, "आजाराचे असतात. पुढे काय होणार याचे नसतात."

रक्तदाबाची गोळी, पाणी उतरवायची गोळी, मीठ कमी. पार्लर अर्धा दिवस. संध्याकाळी भिंगरीला फोनवर सगळं सांगितलं, अगदी 'काहींचं बिघडत जातं' हेसुद्धा. मग म्हणाली, "इथे एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा चार सेकंदांनी जोरात पळते. मला तिचा राग येतो." मी म्हटलं, "साहजिक आहे."

१९ मे

पार्लरमध्ये आता मी उंच स्टुलावर बसून केस कापते. मास्तरीणबाईंना आधी सांगितलं नव्हतं. आज स्टूल बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाल्या, "मी तुला गाल भरलेत म्हणाले होते ना गं?" मी म्हटलं, "त्या दिवशी किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू."

सूज थोडी उतरलीय. दुखण्याची गोळी घेत नसल्याने खांदा मात्र बोलतो. कधीकधी सकाळी मनात येतं की आपल्याला काही झालेलंच नाही. आणि कधी भाजी चिरता चिरता सुरी ठेवावी लागते, इतकी भीती वाटते.

२३ जून

आज माझा तीन महिन्यांचा अहवाल आला. भिंगरीचीही आज पहिली मोठी शर्यत होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. मला आता वाचता येतो. प्रोटीन कमी झालेलं नाही. थोडं वाढलंच आहे. क्रिएटिनिन आहे तिथेच. "अजून थांबू शकतो," त्या म्हणाल्या, "पण फार नाही. पुढच्या वेळी हेच दिसलं तर जोराचं औषध सुरू करावं लागेल." त्याचे त्रास काय काय, तेही सांगितलं. वाटेत नवऱ्याने विचारलं, "आज तिला सांगायचं? आजच्या दिवशी?" मीही तेच घोळवत होते. सांगू उद्या, काय बिघडतंय. जिना चढताना ठरवलंसुद्धा, उद्याच सांगायचं.

संध्याकाळी तिचा फोन आला. रडवेल्या आवाजावरूनच कळलं.

"शेवटून दुसरी," ती म्हणाली. "आई, शेवटून दुसरी. शेवटची जी आली तिचा बूट निघाला होता."

जिभेवर आलं होतं, ये परत. बस धर आणि ये, तुझी खोली तशीच आहे. किती सोपं होतं म्हणणं. तिलाही कदाचित तेच हवं होतं.

मी म्हटलं, "माझं वाढलंय."

ती रडायची थांबली. "किती?"

सांगितलं. जोराच्या औषधाचंही सांगितलं. स्वयंपाकघरात नवऱ्याने नळ बंद केला, भांडी तशीच ठेवून उभा राहिला.

"मग आता?" भिंगरीने विचारलं.

"सप्टेंबरमध्ये परत तपासायचं. तुझं?"

"ऑगस्टमध्ये परत शर्यत."

कोणी कोणाला 'होईल सगळं ठीक' म्हटलं नाही. तिने विचारलं, भीती वाटते का. मी म्हटलं, हो. मी विचारलं, लाज वाटतेय का. ती म्हणाली, खूप. मग दोघी तशाच फोन कानाला लावून बसलो. तिच्याकडे मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. आमच्याकडे खाली कोणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती, चालवणारा पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होता.

मग ती म्हणाली, "आई, पाय दुखतायत गं."

मी म्हटलं, "माझेही."